येतो म्हणायचं नाही

मेलेल्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाकी कुठल्याही घरून निघताना 'जातो' म्हटलं तर आई तोंडावर चापट मारते, आणि तिथून निघताना 'येतो' म्हटलं तर सगळी गल्ली मारायला उठेल. पुन्हा येणार म्हणजे काय? कोणाला न्यायला? म्हणून मुकाट उठायचं, पाठ फिरवायची, वळून बघायचं नाही, अंगणातल्या नळावर पाय धुवायचे आणि चालू लागायचं. तुम्हाला हे वर्षाकाठी एखाद्या वेळी करावं लागतं. मी आणि माझा धाकटा भाऊ वादिराज, आमचा तो धंदाच आहे.

आम्ही खांदेकरी. तंजावरात आमच्या मराठी ब्राह्मणांत कोणी गेलं की तिरडी बांधायला आणि उचलायला चार माणसं लागतात, आणि जुन्या वळणाच्या घरांत ती आपल्यातलीच लागतात. मुलं अमेरिकेत, नाहीतर चेन्नईत. जी इथे असतात त्यांची नेमकी त्या दिवशी कंबर धरते. मग कोणीतरी भटजींना विचारतं आणि भटजी आमचा नंबर देतात. काम झालं की लोक नंबर पुसून टाकतात, घरच्या फोनमध्ये आमचं नाव नको म्हणून. पुढच्या वेळी पुन्हा भटजींच्या पाया पडतात.

तमिळमध्ये आम्हाला 'सवंडी' म्हणतात. पोरं भांडताना एकमेकांना घालतात ती शिवी. सकाळी मी समोरून आलो तर नवा शर्ट घालून निघालेला माणूस आत परत जातो, घोटभर पाणी पितो आणि मग पुन्हा निघतो. मी मुद्दाम त्याच वेळेला बाहेर पडतो. कॉलेजच्या परीक्षा असल्या की गल्लीच्या तोंडाशी चहाचा ग्लास घेऊन उभाच राहतो, बघू दे सगळ्यांना माझं थोबाड. लाज बापाला वाटायची, त्याने ती वाटून वाटून संपवली. मला राग येतो. लग्न मी केलं नाही, म्हणजे कोणी दिली नाही, आणि आता तर देतो म्हणाले तरी नको.

वादिराज माझ्यासारखा नाही. तो मुळात स्वयंपाकी. लग्नाच्या मोठ्या स्वयंपाकात जिलबी तळायला तो बसायचा. एकदा शेजारचे म्हातारे गेले, तीनच माणसं जमली, हा चौथा म्हणून उभा राहिला. दयेपोटी हो! दुसऱ्या आठवड्यात कंत्राटदाराने त्याला कढईवरून उठवलं. ज्या हातांनी प्रेत उचललं त्या हातची जिलबी कोण खाणार, म्हणाला. मग कुठे जाणार? माझ्याकडेच आला.

त्याची एक खोड आहे. तो मेलेल्यांशी बोलतो. तिरडी उचलली की हळूच म्हणतो, "मामा, जपून हं, पायरी आहे." "आज्जी, दार ठेंगणं आहे, जरा वाकवतो." बरोबरची दोघं हसतात. मी एकदा चिडून विचारलं, "गाढवा, त्यांना ऐकू येतं काय?"

"येत नसेल," म्हणाला. "पण घरातली सगळी आपापसात बोलत असतात. त्यांच्याशी कोण बोलतंय?"

याला एकच मुलगी, विनुता. ती आठेक वर्षांची असताना नवरात्रात मैत्रिणीच्या घरी बाहुल्यांचा कोलू बघायला गेली. आमच्या गावात नवरात्रात घराघरांत पायऱ्या मांडून बाहुल्या ठेवतात, पोरी गाणी म्हणतात, सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खातात. बाकीच्या पोरी आत पाटावर बसल्या होत्या. हिला त्या मामीने फाटकातच थांबवलं आणि कागदात बांधून सुंडल हातात दिलं. वर गोड हसून म्हणाली, "घरी जाऊन खा हं, कण्णा." पोर घरी आली, पुडी बापाच्या हातात दिली आणि विचारलं, "अप्पा, मला वास येतो का?"

त्या दिवसापासून ती कधी कोलूला गेली नाही. शिकली, एका खाजगी शाळेत गणित शिकवायला लागली, आणि तिने एकच धरलं होतं, या घरातून बाहेर पडायचं. तिचं काय चुकलं? मला शक्य असतं तर मीही पडलो असतो.

तिच्या मामाने, गोपालकृष्णाने, स्थळ आणलं. हा त्रिचीला बँकेत, आमच्याकडे आला तर पाणीसुद्धा बाटलीतलं पिणारा. मुलगा प्रणवेश, इथल्याच एका कॉलेजात शिकवतो. वडील जयतीर्थ, सगळी नोकरी चेन्नईत केलेले, निवृत्त होऊन तिरुवैयारूच्या घरी येऊन राहिलेले. घरात आई, आणि जयतीर्थांची म्हातारी आई, तिला सगळे आज्जीच म्हणत. इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे आमचा धंदा त्यांना ठाऊक नव्हता. मुलगी दाखवायचं मामाच्या घरी झालं. मुलाला विनुता आवडली, पत्रिका जुळली, दोघं फोनवर बोलायला लागली. पोर घरात गुणगुणायला लागली. मी तिला गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी घर बघायला तिरुवैयारूला बोलावलं. वादिराजाची बायको कनकलता, तिने आदल्या दिवशी आम्हा दोघांना समोर बसवून दम भरला.

"भावोजी, तुम्ही थोरले म्हणून तुम्हाला न्यावं लागतंय. पण तोंड उघडाल तर माझी शपथ आहे. आणि अहो, तुम्ही. विचारलं तरच बोलायचं. वैदिकाची कामं बघतो म्हणायचं. खोटं नाही ते."

"बरं," वादिराज म्हणाला. तो सगळ्यालाच बरं म्हणतो.

घर कावेरीच्या घाटाजवळ. ऐसपैस, स्वच्छ, पुढे ओटा, अंगणात नळ, आत पितळी कड्यांचा झोपाळा आणि झोपाळ्यावर आज्जी. वयाने वाळून गेलेली, पण डोळे असे की माणसाच्या आरपार जावेत. जयतीर्थ चांगलं बोलत होते. काफी आली, ती चांदीच्या डबऱ्यांतून. वादिराजाने आयुष्यात पहिल्यांदा चांदीच्या भांड्यातून काफी प्यायली असेल. दोन्ही हातांनी धरली होती.

"आपण कशात असता?" जयतीर्थांनी विचारलं.

गोपालकृष्ण घाईने म्हणाला, "वैदिक कामं. लोकांच्या घरची सगळी व्यवस्था बघतात."

"हो," वादिराज म्हणाला. "शेवटपर्यंत बघतो."

माझ्या नाकातून काफी यायची राहिली. कनकाने पदराआडून माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. पण त्या लोकांना काही कळलं नाही. मुहूर्ताचं बोलणं झालं, विनुताच्या नोकरीचं झालं, तिने शाळा सोडायची नाही हेसुद्धा कबूल झालं. जमलं, जमलंच होतं हो सगळं!

निघायची वेळ झाली. कनका सगळ्यांच्या पाया पडून म्हणाली, "येते." गोपालकृष्ण म्हणाला, "येतो." मीही म्हणालो. आणि वादिराज? त्याने भांडं खाली ठेवलं, उठला, वेष्टीचा सोगा झटकला, पाठ फिरवली आणि गप्प पायऱ्या उतरला. वळून बघितलं नाही. अंगणातल्या नळापाशी गेला, नळ सोडला, एक पाय धुतला, मग दुसरा, टाचा घासून घासून. मग चप्पल घालून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

लोकांच्या घरून आम्ही दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने निघतो? आम्हाला काफीला कोण बोलावतं? मेलेल्याचं घर सोडून दुसऱ्याच्या घरातून बाहेर पडायची त्याच्या पायांना सवयच नव्हती.

झोपाळ्याचा आवाज थांबला. आज्जी म्हणाली, "जयतीर्थ, आल्यावर पाय धुतात. जाताना कोण धुतं रे?"

जयतीर्थ फाटकाकडे बघायला लागले.

"तुझे वडील गेले तेव्हा चौघं असेच निघाले होते," म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. "अहो, तुम्ही. तुमचा भाऊ काय करतो?"

कनकाने माझ्या दंडाला हात लावला. पण ती म्हातारी ज्या तऱ्हेने पाय जवळ ओढून बसली होती ना, माझा वारा लागेल म्हणून, ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसंही प्रश्नाचं उत्तर तिला कळलेलंच होतं.

"खांदा देतो," मी म्हणालो. "मीही देतो. चांगला देतो. कोणाला पाडलेलं नाही अजून."

जयतीर्थांच्या बायकोने ती चांदीची भांडी आमच्यासमोरच उचलली, आत नेली नाहीत, अंगणात नेऊन चिंचेत बुडवली.

मला वाटलं संपलं. पण संपलं असतं तर बरं झालं असतं. आठवडाभराने गोपालकृष्ण निरोप घेऊन आला, दारातच उभा राहून बोलला. मुलगा हटून बसलाय, लग्न हिच्याशीच करीन म्हणतोय. आणि खरं कारण मला माहीत आहे. आजेसासूसकट तिरुवैयारूत राहायला तयार असलेली मुलगी आजकाल मिळते कुठे? सगळ्या पोरी बंगळूर म्हणतात. मुलाचं वय उलटून चाललं होतं. म्हणून त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला होता, आणि अट घातली होती.

कन्यादान मामा-मामी करतील. आम्ही दोघं भाऊ मंडपात दिसायचं नाही. लोकांना सांगायचं की मुलीचे वडील मंत्रालयाला, स्वामींच्या तीर्थाला, जाऊन मठाच्या सेवेत राहिलेत. कनका भावाबरोबर येऊ शकते. लग्नानंतर विनुता आईला मामाच्या घरी भेटेल. आणि तिच्या बापाने त्यांच्या घराचा उंबरा कधी ओलांडायचा नाही.

"बरं," वादिराज म्हणाला.

"बरं काय, बरं?" मी ओरडलो. "जिवंत बापाला मंत्रालयात पाठवतायत आणि तू बरं म्हणतोस? अरे, तोंडात जीभ आहे की लाकूड? आणि विनू, तू सांग. तू हो म्हणणार या असल्याला?"

विनुता भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"पेरिअप्पा," ती मला म्हणाली, "मला मूल झालं तर ते कोलूच्या घरात पाटावर बसेल. फाटकात नाही." मग बापाकडे वळली. "अप्पा, तुम्हाला चालेल ना?"

विचारलं तिने त्याला. निदान विचारलं. आणि या महाभागाने काय करावं? हसला. म्हणाला, "मंत्रालय चांगलं गाव आहे म्हणतात. नदी आहे."

लग्नाच्या दिवशी करंदैहून फोन आला. तुम्ही म्हणाल मी रचून सांगतोय, पण लोक काय मुहूर्त बघून मरतात? तिकडे मंडपात नादस्वर वाजत असेल, त्या वेळी आम्ही एका निवृत्त पोस्टमास्तरला वडवार नदीच्या काठी नेत होतो. माणूस वजनदार होता. वादिराज पुढच्या डाव्या बाजूला. वळणावर मला त्याचं पुटपुटणं ऐकू आलं. "मामा, आज माझ्या मुलीचं लग्न आहे हो. जरा हलके व्हा." मी मागे होतो. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती कोणाला घालावी ते कळेना, म्हणून गिळली.

त्यानंतर कनकाला एक वेडच लागलं. तिच्या हिशेबी सगळं त्या दिवशी तो 'येतो' म्हणाला नाही म्हणून घडलं होतं. त्याने पाय बाहेर टाकला की ती दारात आडवी यायची. "काय म्हणायचं?" हा म्हणायचा, "येतो." "मोठ्याने." "येतो!" मग वाट सोडायची. महिन्याभरात त्याची जीभ वळली. चहावाल्याला येतो, कंडक्टरला येतो, देवळात नंदीसमोरसुद्धा येतो. आमच्या गल्लीतली शेळी, तिलासुद्धा. माझी हसून पुरेवाट झाली, पण धास्तीही वाटायची.

"अरे, कामावर सुटेल तोंडातून एखाद्या दिवशी," मी म्हणायचो. "लोक दगड घालतील डोक्यात."

"नाही सुटणार," तो म्हणायचा. "कामावर आहे ते मला माहीत असतं."

विनुता सुरुवातीला आईला मामाकडे भेटायची. मग ते कमी झालं. मग नुसते फोन, तेही कनका बाहेर ओट्यावर जाऊन बोलायची. आम्हाला काही सांगायची नाही. वादिराज विचारायचा नाही. भावाने काय विचारायचं आणि काय नाही हे मी शिकवत बसलो नाही.

कावेरीला नुकतं पाणी सुटलं होतं तेव्हा एका सकाळी माझा फोन वाजला.

"चार माणसं पाहिजेत," तिकडून आवाज आला. "आमच्यातली. आई गेली."

आवाज मी ओळखला. ओळखणार नाही? त्या आवाजाने विचारलं होतं, आपण कशात असता. तरी मी म्हणालो, "पत्ता सांगा." त्यांनी सांगितला. "खूण सांगा." घाटाची खूण सांगितली. "अंगणात नळ आहे का? पाय धुवायला लागतो आम्हाला."

"आपलं नाव?"

"सदाशिव."

तिकडे कोणाशी तरी कुजबुज झाली. मग, "दुसरं कोणी नाही का?"

"कुंभकोणमला दोघं होते, ते आज दुसरीकडे गेलेत. तुमचा मुलगा आहे की. त्याला सांगा उचलायला."

"त्याला चालत नाही," ते म्हणाले आणि थांबले.

मला लगेच उमजलं. बायको गरोदर असली की नवऱ्याने प्रेताला खांदा द्यायचा नसतो, हे धंद्यात पहिल्या दिवशी कळतं. म्हणजे आमची विनू! मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. कनकाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं की मला समजलं.

"विनूच्या सासरच्यांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या दोघांच्या कानावर घालू नका म्हणून. बाळाला दृष्ट नको."

मी फोन कानाला लावला. "येतो," म्हणालो. आणि जयतीर्थ, बिचारे, सवयीने म्हणून गेले, "या."

वादिराजाला मी बसमध्ये सांगितलं, दोन्ही गोष्टी. म्हातारी गेली हे, आणि विनूला दिवस गेलेत हे. तो खिडकीबाहेर भाताची रोपं बघत होता. बघतच राहिला. मग म्हणाला, "मुलगी होईल. आमच्यात पहिली मुलगीच होते." बाकीचे दोघं पुढे बसले होते, त्यांना काही माहीत नव्हतं.

आम्हाला बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात घेतलं. घर नातेवाइकांनी भरलेलं. चेन्नईहून गाड्या आलेल्या. आम्ही बांबू बांधले, झावळ्या विणल्या, म्हातारीला बाहेर आणलं. जयतीर्थांनी वादिराजाकडे एकदाही बघितलं नाही. प्रणवेश एका खांबाआड होता. जावई हो आमचा! सासऱ्याच्या हातात सुंभ होतं आणि तो मोबाइलकडे बघत होता.

म्हातारी वजनाला काहीच नव्हती. कोंड्याची पिशवी. पण वादिराज तिला असा जपून बांधत होता, पायाचे अंगठे असे हळू जुळवत होता, की मला बघवेना. "आज्जी, घट्ट झालं का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "आवळ की. हिनेच तुझी पोर तोडली." तो म्हणाला, "अण्णा, आता नको."

आम्ही उचललं. मागच्या अंगणातून माजघरात, तिथून ओसरीवर, ओसरीतून पुढच्या दाराकडे. ज्या उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं होतं त्या घरातून तो आरपार चालत होता, आणि कोणाची हिंमत नव्हती थांबवायची. "आज्जी, उंबरा आहे," तो म्हणाला. "जपून."

दाराच्या डाव्या हाताला खोली होती, तिला गजांची खिडकी. गरोदर बाईने प्रेत बघायचं नाही म्हणून विनुताला तिथे कोंडून ठेवलं होतं. खिडकीचं एक दार किलकिलं होतं. आणि त्या फटीत ती. पोट चांगलंच दिसत होतं. चेहरा फुगलेला, डोळे बापावर.

वादिराज थांबला. पुढचा थांबला म्हणजे चौघं थांबतात. तिरडी खांद्यावर, त्याचं तोंड खिडकीकडे. आणि तो म्हणाला, हळू नाही, कनकाने शिकवलं होतं तसं मोठ्याने.

"विनू, येतो हं."

अय्यो, ते घर! रडणाऱ्या बायकांचं रडणं तिथल्या तिथे आटलं. जयतीर्थांच्या हातातलं अग्नीचं मडकं हललं आणि निखारा खाली पडला. आणि आतून, त्या फटीतून, विनुता किंचाळली. दोन्ही हात पोटावर धरून.

"येऊ नका, अप्पा! येऊ नका!"

मागून एक बाई म्हणाली, "अप्पा? हिचे अप्पा तर मंत्रालयाला असतात ना?" दुसरीने तिच्या हाताला चिमटा काढला. पण सगळ्यांनी ऐकलं होतं. चेन्नईच्या मंडळींनी, गल्लीने, भटजींनी, सगळ्यांनी. खिडकीचं दार आतून कोणीतरी ओढून घेतलं.

"चल," मी मागून वादिराजाला म्हणालो. "चल, हरामखोरा, पाय उचल."

घाटापर्यंत तो म्हातारीला प्रत्येक खड्डा सांगत गेला. परत येताना बसमध्ये मी त्याची कॉलर धरली. "मुद्दाम म्हणालास की सुटलं तोंडातून? खरं सांग."

"मुलीच्या घरून निघताना काय म्हणतात, अण्णा?" त्याने विचारलं.

तो पुढे म्हणाला, "ती बरोबर बोलली. पोटात बाळ आहे. तिने तसंच म्हणायला पाहिजे." आणि मग बसभर लोक बघत असताना तो रडला. इतक्या घरांत जाऊन आलो आम्ही, इतकं रडणं बघितलं, पण त्याला रडताना मी पहिल्यांदा बघत होतो. मी त्याची कॉलर सोडली, ती नीट केली.

कनकाला आम्ही काही सांगितलं नाही. तिला फोनवरून कळलं. दारात आडवी यायची तेवढी बंद झाली.

म्हातारीचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दाराशी आटो थांबली. प्रणवेश उतरला, मग विनुता. दोन मोठ्या पेट्या, एक गादी, आणि शाळेच्या वह्यांची पिशवी. बाळंतपणाला कोणी गादी घेऊन माहेरी येत नाही. तिने कोणाकडे बघितलं नाही. तोंड पांढरं पडलं होतं.

कनका पदराने हात पुसत धावत आली. "या, या, जावईबापू, आत या! पहिल्यांदा येताय."

तो आत आला नाही. पेट्या ओट्यावर ठेवल्या, वाकून, व्यवस्थित, एकावर एक. कपाळावरचा घाम पुसला. वादिराज घरातून काफी घेऊन आला होता. आमच्याकडे चांदीचं काय, पितळेचंही धड नाही, स्टीलच्या डबऱ्यात आणली होती, दोन्ही हातांनी धरून. तो ती पुढे करून उभा राहिला.

प्रणवेशने काफीकडे बघितलं, मग विनुताच्या पोटाकडे. मला वाटलं आता बोलेल. बोल ना रे मेल्या, काहीही बोल, शिवी दे!

त्याने पाठ फिरवली आणि पायऱ्या उतरला. गल्लीच्या नळापाशी थांबला. एक पाय धुतला, मग दुसरा. टाचासुद्धा घासल्या. मग आटोत बसला आणि आटो निघून गेली.

विनुता आमच्या उंबऱ्यात उभी राहून ते सगळं बघत होती. तिच्या मागे तिचा बाप काफी धरून उभा होता, ती गार होत होती.